शुक्रवारी आलेले नवे अल्बम

बाबा, या शुक्रवारी पाच नवे अल्बम आले आणि चारांवर मी दुपारपर्यंत लिहूनही टाकलं. माझं काम हेच, तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. इंडस्ट्रियल, पोस्ट-पंक, डार्क इलेक्ट्रॉनिक असल्या संगीतात दर आठवड्याला जे नवं येतं ते ऐकायचं आणि एका वेबसाइटसाठी त्यावर लिहायचं. चार सोपे होते. सिंथेसायझरचे काळवंडलेले सूर, विहिरीतून आल्यासारखा गाणाऱ्याचा आवाज, एकाच जागी पाय आपटणारा बेस. पाचवा कुठल्याशा सूतगिरणीतल्या यंत्रांचे आवाज भरून केलेला. मी सवयीने लिहिलं, 'यंत्राचं क्रूर सौंदर्य', आणि मग तिथेच अडले.

जळगाव जामोदच्या त्या जिनिंगमध्ये तुम्ही फिटर होतात. मी चौथीत असेन, आईने तुमचा डबा देऊन पाठवलं. आत शिरते तर सरकी काढणारे रेचे ओळीने धडधडतायत, फरशीची थरथर पार दातांपर्यंत येतेय. मला ते इतकं आवडलं की मी जागीच उभी राहिले. तुम्ही धावत आलात, ढिगातला कापूस ओढून माझ्या दोन्ही कानांत कोंबलात. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुमच्या कानात काऊन नाही?" तुम्ही हसलात. "फिटराले मशीनचं दुखणं आयकू आलं पाह्यजे, बाई." मशीनचं दुखणं तुम्हाला वीस वर्षं ऐकू आलं. तुमचं कोणाला आलं? मालकाला नाही, आणि तुम्हीही कधी तोंड उघडलं नाहीत. त्या मुकाटपणाचा मला अजून राग येतो.

कॉलेजात असताना मी घरी स्पीकरवर पहिल्यांदा असलं गाणं लावलं. तुम्ही कामावरून आलात आणि वायरच उपटलीत. "काय लावलं वं हे? दिवसभर थेच आयकून येतो मी. लोकाइचे कान जाते याच्यानं, अन् तू शौकानं आयकून राह्यली?" मी म्हटलं, तुम्हाला संगीतातलं काय कळतं. नंतर मी पुण्याला गेले, आणि आपण आईमार्फतच बोलत राहिलो.

तुम्ही जायच्या आधीच्या उन्हाळ्यात मी घरी आले. तुम्हाला ऐकू येईनासं झालं होतं आणि तुम्ही ते कबूल करत नव्हतात. मी हेडफोन तुमच्या कानांवर चढवले, म्हटलं, नवीन आहे, ऐका. तुम्ही डोळे मिटून बराच वेळ बसलात, मान हलवलीत. "चांगलं हाये." मी हेडफोन ओढून काढले आणि ओरडले, "खोटं काऊन बोलता?" माझ्या तोंडाकडे पाहून तुम्हाला कळलं असावं. "तुले आवडते ना," एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी निघाले, आणि परत आले ती तुम्हाला न्यायच्या दिवशीच.

आईला मी सांगितलं की तुम्ही माझ्या कामाची थट्टा केलीत. ती अजून तेच धरून बसली आहे, शेजारणींनाही सांगते, शेवटपर्यंत पोरीला समजून घेतलं नाही म्हणून. हे पत्र मी तिलाही वाचून दाखवणार नाही. त्या दिवशी मी गाणं चालूच केलं नव्हतं, बाबा. मुद्दाम.