आत्याच्या नावाची वादळं

ता. ३ मे

चि. खारू,
अनेक आशीर्वाद.

यंदाच्या वादळांच्या नावांची यादी पेपरात आली आणि तीत माझं नाव! तू हवामान खात्यात, म्हणजे वशिला तुझाच. मी दुकानात शिलाई मशीनवर बसले की शेजारचा सुतार विचारतो, आज वारा कुठल्या दिशेचा. मी त्याला ठणकावलंय, माझ्या नावाचं वादळ आलं तर किनाऱ्यावरचं घर मुळीच सोडणार नाही. मागे परक्या नावाच्या वादळात माळ्यावर बसून राहिले, हे तर घरचंच. तो म्हणाला, तुम्ही हलला नाहीत तर मीही हलणार नाही. आता बोल!

वेळेवर जेवत जा. माया आहेच, ती वाढव.

तुझी आत्या

ता. १२ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वशिला नाही गं, पण तुझ्या नावाची कुंडली काढली. प्रत्येक समुद्राची यादी वेगळी, म्हणून एकच नाव जगात दोन-चार ठिकाणी निघतं. तुझ्या नावाचं एक वादळ किनारा गाठण्याआधीच रडून मोकळं झालं. दुसऱ्यानं एका बंदरात फळबाजाराचं छप्पर उडवलं. तिसरं मात्र वाईट निघालं. माणसं गेली. असं झालं की ते नाव यादीतून कायमचं खोडतात. त्या समुद्रावर आता तुझं नाव वादळालासुद्धा देत नाहीत.

तू माळ्यावर बसलीस आणि काही बरंवाईट झालं, तर इथेही खोडतील. मला ते बघवणार नाही. बाबा म्हणाले, तिला भीती घालून उपयोग नाही, अब्रूचं सांग. म्हणून सांगितलं.

राग आला तर बाबांवर काढ, लोभ माझ्यावर ठेव.

तुझी खारू

ता. २० जून

चि. खारू,
अनेक आशीर्वाद.

सगळे सुखरूप. तुझा बाप मला लहानपणापासून ओळखून आहे! इशारा आला तशी मी दारोदार फिरले, माझ्या नावाला बट्टा लागता कामा नये, निघा म्हटलं. सुतार अडून बसला. मग त्याचा अर्धवट शिवलेला कोट उचलून मी शाळेतल्या निवाऱ्यात गेले. आला मागोमाग, कुरकुरत.

वादळ आलं, थयथयाट केला, गेलं. सुतार म्हणतो, हुबेहूब तुमच्यासारखं. आमच्या गल्लीचं नुकसान एकच, माझ्या दुकानाची पाटी. माझंच नाव घेऊन पळालं मेलं! सुतार कोटाच्या बदल्यात नवी करतोय, पण अक्षरं किती मोठी यावरून रोज भांडण.

एका पाटीपायी नाव खोडत नाहीत ना? तेवढं विचारून कळव. लोभ असू दे, आणि यादीत माझी जागाही.

तुझी आत्या