कवठझिऱ्याच्या चपला

६ एप्रिल, रविवार
आजपासून रोज लिहायचं ठरवलं. डोक्यात ठेवलं की बीपी वाढतो आणि घरात बोललं की जयमाला उठून आत जाते. बायकोला नवऱ्याचे विचार ऐकायला वेळ नाही, वहीला आहे.

विषय एकच. आमचं गाव. कवठझिरे म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग आपल्या पायाकडं बघतो. कवठझिऱ्याचे लोक लग्नात चपला चोरतात म्हणे. कोणी पाहिलंय? कोणी नाही. पंचावन्न वर्षांत मी एकही चप्पल चोरलेली नाही. पण एसटीत तेच, बाजारात तेच, कंपनीत तेच. जिल्ह्याचं नाव सरकारनं बदललं, आमचं कोण बदलणार? कंटाळा आला.

आता प्रश्न रेश्माचा आहे. पोरगी कोपरगावला दवाखान्यात नर्स आहे. तिथल्याच सचिनचं आणि तिचं जमलंय. त्याचे वडील रंभाजीराव तयार आहेत. खोडा घातलाय सचिनच्या मामानं. पोरगी चांगली हाय, पन गाव चपलाचोरांचं, असं तो म्हणाला. २७ तारखेला मंडळी घर बघायला येणार. त्यावर सगळं ठरणार.

बायोडेटात मी पत्ता लिहिला, नागापूर एमआयडीसी. नोकरी तिथंच आहे, खोटं काय त्यात? रेश्मानं खोडून कवठझिरे लिहिलं. म्हणाली, अण्णा, तुम्ही फक्त काही करू नका.

पोरीला वाटतं बाप थकला. थकलोय खरा. पण स्वस्थ बसणार नाही.

८ एप्रिल, मंगळवार
कॅन्टीनमध्ये आदिनाथला सांगितलं. तो राजूरचा. म्हणाला, हसून सोडून द्यायचं. मला लोक विचारतात, तुमच्याकडं घरात बिबट्या येतो का? मी म्हणतो, रविवारी जेवायलाच असतो.

डोंगरातली माणसं भोळी. अपमान झालेला कळतच नाही त्यांना. मी मात्र गावावरून माणूस पारखत नाही. (कोपरगावची मंडळी कालव्याच्या पाण्यामुळं जरा चढेल असतात, पण तो अनुभव आहे. कोपरगावला मी एकदा गेलोय. एसटी बदलायला.)

उद्यापासून पहाटे चालायला जाणे.

१३ एप्रिल, रविवार
चालणं उद्यापासून.

फाट्यावर स्वखर्चानं बोर्ड लावला. मजकूर माझा. ‘कवठझिरे ग्रामस्थ आपले स्वागत करतात. आपल्या चपला येथे सुरक्षित आहेत.’ आता कोण बोलतो बघू.

१६ एप्रिल, बुधवार
बोर्ड काढला. म्हणजे ग्रामपंचायतीनं काढला. कंडक्टर म्हणे फाटा आला की मोठ्यानं वाचून दाखवायचा. बाहेरची कॉलेजची पोरं बोर्डाखाली अनवाणी उभी राहून सेल्फी काढत होती.

शेजारचा कारभारी घरी आला. त्याचा टेम्पो आहे, लग्नाकार्याला पाण्याचे जार पोचवतो. म्हणाला, भाऊ, ज्याला ठावं न्हवतं त्यालाबी कळलं आता. वीस वर्षं मी कार्यालयाच्या दारात चपला काढून आत जातो, त्या तिथंच असतात. कुनी विचारलं तर हसतो.

हाही हसतो! गाव सुधारणार कसं?

२१ एप्रिल, सोमवार
सव्वीस वर्षं स्टोअर कीपर आहे. एक नटबोल्ट हललेला नाही. मग हेच डोकं घरी का वापरू नये? कंपनीत हत्यार न्यायचं तर पितळी बिल्ला टांगावा लागतो. तसे नऊ बिल्ले आणले. पाहुणा आला, चप्पल जमा, बिल्ला हातात. जाताना बिल्ला दाखवा, चप्पल न्या. विश्वास बसायला असं काही लागतं.

जयमाला म्हणाली, पाहुन्याला बिल्ला देतात व्हय? फोन रेश्माला लावून दिला. रेश्मा म्हणाली, अण्णा, काहीच करू नका. काहीच.

बिल्ले परत. माझ्या घरात पद्धतशीर कामाला किंमत नाही.

२७ एप्रिल, रविवार
सकाळी ७. मन शांत. काही करणार नाही.

दुपारी १. आले. नऊ जण, ओट्यावर नऊ जोड. मामानं आपले बूट हातात धरून आत आणले होते. रंभाजीरावांनी डोळे वटारले तेव्हा परत जाऊन ठेवले. रेश्माचं तोंड एवढंसं झालं. मला लई लागलं ते.

दुपारी १.४०. गल्लीतलं कुत्रं दोनदा वास घेऊन गेलं. एक जोड हलला तरी पोरीचं लग्न मोडलं. माल उघड्यावर ठेवायचा नाही, हा स्टोअरचा पहिला नियम. आत ताटं वाढेपर्यंत सगळे जोड गोणीत भरले. कारभारीचा टेम्पो दाराशीच होता. केबिनमध्ये सीटमागं गोणी ठेवली, खटका दाबून दार लावलं. कोणाला कळलं नाही. आता जेवण गोड लागेल.

रात्री ८. कसं लिहू.

तीन वाजता मंडळी निघाली. ओट्यावर काही नाही. दाराशी टेम्पो नाही. कारभारी जार घेऊन राहुरीकडं लग्नाला गेलेला. फोन उचलेना. मी सांगणारच होतो. पण आधी माल हातात यावा, मग सांगावं, असा विचार केला. सगळे शोधत होते, म्हणून मीही शोधलं. पलंगाखाली वाकून पाहिलं. रेश्मा माझ्याकडंच बघत होती. मी पंख्याकडं बघितलं.

मामा नुसता हसला. ते हसू मी पंचावन्न वर्षं ओळखतो.

तेवढ्यात समोरची गोजरबाई पुढं आली. ऐंशीच्या पुढं वय. पायातल्या चपला काढून मामापुढं ठेवल्या. म्हणाली, घाला बाबा, फुफाटा लई तापलाय. मग गल्लीतल्या एकेकानं काढल्या. कोणी कोणाला सांगितलं नाही. नऊ जोड झाले. मामाच्या टाचा गोजरबाईच्या चपलेबाहेर दोन बोटं. जीप गेली आणि आमची माणसं चटके खात घरोघर गेली.

चारला व्हिडिओ आला. कार्यालयाचं आवार. पावतीपुस्तक काढायला कारभारीनं केबिन उघडली, गोणी खाली पडली, चपला सांडल्या. कुठलं गाव? कवठझिरे. झालं, सगळे गोळा. कारभारी हात जोडून म्हणतोय, मला ठावं न्हाई ओ, देवाशप्पत. आणि लोक हसतायत. मला ते बघवलं नाही. तीनदा बघितलं.

मग रेश्माला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसता सचिनला फोन लावला. जीप त्याच रस्त्याला होती. पुढचं सचिननं सांगितलं. रंभाजीराव गर्दीत घुसले. म्हणाले, गोनीतल्या चपला आमच्या हायेत. आन् आमच्या पायात हायेत त्या त्यांच्या. चोर कधी पायातलं काढून देतो व्हय? मामा गोणीतून आपले बूट काढत होता, मान खाली घालून.

२८ एप्रिल, सोमवार
रजा टाकली. सकाळी कारभारी आला. केबिनला लॉक असलं तरी गाडी जागेवर राहण्याची हमी नव्हती, म्हणजे दोष व्यवस्थेचा, असं सगळं उत्तर मी तयार ठेवलं होतं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, भाऊ, सांगायचं तरी मला.

मी म्हटलं, चुकलो. स्टोअरमध्ये हा शब्द कधी लागला नव्हता.

१ मे, गुरुवार
रंभाजीरावांचा फोन. लग्न पक्कं. म्हणाले, असं गाव मी पाहिलं न्हाई, लग्न कवठझिऱ्यातच करू. जयमाला रडली. मीही, मोरीत जाऊन.

अट एकच. मांडवातल्या चपला कारभारी बघणार. सूर्यभानरावांनी, म्हणजे मी, तिकडं फिरकायचं नाही. मला पाण्याच्या टाकीजवळ बसवणार आहेत. तिला कुलूप नाही.

गावाचे नऊ जोड त्यांनी परत पाठवले, पॉलिश करून. गोजरबाईच्या चपलेला नवा अंगठा. कोपरगावची माणसं चांगली असतात, हे मी आधीपासून म्हणत होतो.

४ मे, रविवार
गोजरबाईची चप्पल द्यायला गेलो. रेश्मा बरोबर होती. बसल्या बसल्या म्हटलं, आपल्या गावावर हा आळ आणला तरी कोणी? त्याला शोधला पाहिजे.

म्हातारी म्हणाली, शोधतो कशाला? तुझ्या आत्याच्या लग्नात झालं ते. वऱ्हाडाच्या चपला कुनी चोरू न्हाई म्हनून तुझ्या बापानं समद्या कणगीत लपवल्या, आन् कामाच्या गडबडीत इसरला. वऱ्हाड अनवाणी गेलं. पुढच्या सुगीला बाजरी भरताना घावल्या. मंग लाजंनं कुनाला बोलला न्हाई. गावानंबी न्हाई सांगितलं. कशाला सांगायचं, आपलाच मानूस.

 

संध्याकाळी पत्रिकेचं प्रूफ आलं. विवाहस्थळ मी सांगितलं होतं तसं, ‘नगर-मनमाड रोड’ एवढंच. रेश्मानं पेन घेतलं. म्हणाली, अण्णा, गावाचं नाव छापायचं. लपवायचंच असेल तर आपलं आडनाव लपवा.

मीच लिहिलं. मु. पो. कवठझिरे. छापखान्याला मोठा टाईप सांगितला.