आला तसा घरी गेला

८ फेब्रु., रवि.

सकाळी सातपासून तीन ओळी लिहितेय. तीनच. व्हिडिओतली बाई म्हणते, नोकरीच्या साइटवर प्रोफाइल उघडलं की पहिल्या तीन ओळी दिसतात, बाकीचं 'आणखी वाचा'च्या खाली जातं आणि तिथवर कुणी जात नाही. म्हणजे सुधीरला तीन ओळींत बसवायचा. बसेल. माझ्या नवऱ्याला पसरायची सवयच नाही.

युनिट बंद होऊन आठवडा झाला. पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना घरी बसायची पत्रं. एकोणीस वर्षं पेण ते धाटावची केमिकल कंपनी, कंपनीची बस, शिफ्ट, डबा, झोप. आता हा घरात. खुर्ची या खोलीतून त्या खोलीत नेतो, परत आणतो. माझ्या शाळेच्या पगारात घर कसंबसं चालेल, पण हा माणूस दिवसभर डोळ्यांसमोर चालणार नाही.

लिहिलं: मेहनती, प्रामाणिक, वेळेवर येणारा. बाई म्हणते हे सगळेच लिहितात, खोडा. खोडलं. मग काहीच उरलं नाही.

१० फेब्रु., मंगळ.

शाळेतून आल्यावर सु.ला समोर बसवलं, तोंडी परीक्षेला बसवतात तसं. सगळ्यात चांगलं काय येतं तुला? पंप, म्हणाला. पंपाचं काय? हात ठेवला की कळतं, बेअरिंग कधी जाणार. आता हे इंग्रजीत कसं लिहू? लोक हसतील. हाताखाली माणसं किती? बारा. त्यांच्याशी कसा वागायचास? बरा. झालं, एकोणीस वर्षं आटोपली. दहावीच्या पोराला अशा उत्तराला मी उभं केलं असतं.

शेवटी टीव्हीखालची पितळी ढाल दिसली. मी तिला किल्ल्या अडकवते. वर कोरलंय: शून्य अपघात शिफ्ट. अरे, मग हे काय! बाई म्हणते आकडा हवा, तर हा घे आकडा. एकोणीस वर्षांत एकही अपघात नाही.

"ती ओळ नको गो," सु. म्हणाला.

गो म्हणाला म्हणजे आतून आलं. ते त्याच्या रोह्याकडच्या गावचं. इथे पेणमध्ये तो जपून बोलतो. का नको, विचारलं. नको म्हंजे नको. मी म्हटलं, ती काढली तर तुझ्यात राहतं काय, डबा?

उठला, आणि मी पाणी घातलेल्या तुळशीला परत पाणी घातलं.

वाईट बोलले. खोटं नाही बोलले.

१४ फेब्रु., शनि.

टाकलं एकदाचं.

फोटोत भावजींचा ब्लेझर. खांदे दोन बोटं मोठे. कुणाच्या तरी लग्नात जेवायला थांबलेल्या माणसासारखा दिसतोय, पण ठीक.

बाई म्हणते नुसता आकडा कोरडा, त्याची गोष्ट करा. केली. आहे इंग्रजीत, पण अर्थ असा: एकोणीस वर्षं मी केमिकल प्लांट चालवला. माझ्या शिफ्टला आलेला प्रत्येक माणूस आला तसा घरी गेला. तुमच्याकडेही जाईल.

मधलं वाक्य बघ. एकही जास्तीचा शब्द नाही. दहावी अ मध्ये फळ्यावर लिहावंसं वाटलं. पोयनाडहून ताईच्या यजमानांचा फोन, कुठून उचललंस म्हणाले. उचललं नाही भावजी, माझं आहे.

सु.ने दोनदा वाचलं. जेवला नाही. पोट बरं नाही म्हणे. कौतुक पचत नाही काही लोकांना.

२२ फेब्रु., रवि.

ताईकडे पोयनाडला गेलो. वाटेत वडखळ नाक्यावर नेहमीचा कांदेवाला, हरी. पांढऱ्या कांद्याच्या माळा आल्यात. सु.ने नेहमीसारखी गाडी पन्नास पावलं पुढे नेऊन उभी केली, हेल्मेट डोक्यावर, तोंड अलिबागकडे. पाच वर्षं हेच. माळा बघायला कधी उतरत नाही. लाजतो घासाघीस करायला, दुसरं काय. ती मी करते आणि चांगली करते.

हरीचा उजवा डोळा पांढरा आहे, पापणी खाली चिकटलेली. मी कधी विचारलं नाही कशाने. असेल जन्मापासून.

आज तोच म्हणाला, "वैनी, कंपनी बंद झाली म्हनं. साहेब बरं हायत ना?" म्हटलं तुला कसं माहीत? मी पन चार वर्सं होतो ना धाटावला, साहेबांच्या शिफ्टला. मला इतका आनंद झाला. सु.चा माणूस! मोबाइल काढला, प्रोफाइल दाखवलं, फोटो दाखवला. इंग्रजी त्याला कुठून येणार, म्हणून मीच मराठी करून मोठ्याने वाचलं. माझ्या शिफ्टला आलेला प्रत्येक माणूस आला तसा घरी गेला. खरं की नाही रे, विचारलं. शेजारचे दोघं कांदेवालेही ऐकत होते.

हरी जरा वेळ माळ निवडत राहिला. मग म्हणाला, साहेबांनी लिवलाय? मी म्हटलं, मी लिहिलंय. बरा लिवलास, म्हणाला. एक माळ जास्तीची दिली. ही साहेबांना, हिचा काय नको.

गाडीवर बसताना सु.ला सगळं सांगितलं, वाचून दाखवल्याचंही. त्याने गाडी चालू केली, बंद केली, परत चालू केली. ताईकडे भावजी माळेचं कौतुक करत होते, तर हा उठून अंगणात गेला.

२३ फेब्रु., सोम.

सकाळी साडीला इस्त्री करत होते. सु. दारात उभा राहून बोलला. सलग. इतकं सलग तो लग्नानंतर बोलला नव्हता. विसरायच्या आत लिहून ठेवते. विसरेन असं नाही.

सहा वर्षांपूर्वीचं. माल घेणाऱ्या कंपनीचे पाहुणे मुंबईहून प्लांट बघायला आले. पाहुणे चार, सेफ्टीचे चांगले गॉगल तीन. बाकीच्यांवर ओरखडे, ते पाहुण्याला कसे द्यायचे? हरी ठेकेदाराचा माणूस, रोह्याजवळच्या निडीच्या पुढच्या वाडीतला. त्याच्या डोळ्यांवरचा गॉगल नवा होता. सु.ने तो स्वतःच्या हाताने काढला, रुमालाने पुसला, पाहुण्याला दिला. पाहुणे गेले की देतो, म्हणाला. हरी म्हणाला, द्या की साहेब, मी हितंच हाय.

पाहुणे बघून झाल्यावर ऑफिसात चहाला बसले. तेव्हा पाइपलाइनचा जोड सुटला आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी हरीच्या डोळ्यात उडालं.

मी विचारलं, गॉगल कुठे होता तेव्हा? चहाच्या ट्रेशेजारी.

कंपनीची अँब्युलन्स काढली नाही. ती गेटबाहेर पडली की नोंद होते. ठेकेदाराची माणसं कंपनीच्या वहीत नसतात, म्हणून त्यांना लागलेलंही वहीत नसतं. ठेकेदाराची जीप आली. सु. बरोबर गेला. मला क्षणभर बरं वाटलं, निदान बरोबर तरी गेला. तर हा गेला होता पढवायला. अलिबागचं हॉस्पिटल येईपर्यंत. तू तंबाखू खातोस ना? मग डॉक्टरला सांग, चुना उडाला.

हरीने तसंच सांगितलं. एका हाताने डोळा धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच्या फळ्यावर, 'अपघाताशिवाय दिवस' लिहितात त्यावर, सु.ने आकडा एकने वाढवला. ते काम शिफ्ट इन-चार्जचं असतं. ढाल त्याच वर्षीची.

मी पहिलं वाक्य बोलले, आधी का नाही सांगितलंस. दुसरं बोलले, हे अजून कुणाला माहीत आहे?

दुसरं आधी सुचलं होतं. हे इथे लिहून ठेवते.

मग शाळेत गेले. ढालीच्या किल्ल्या काढून घेतल्या, घर बंद केलं की उघडं ठेवलं आठवत नाही. ओळ काढली नाही. आमच्याकडेही पाहुणे आले की चांगले कप निघतात. मीच काढते.

५ मार्च, गुरु.

महाडच्या एका कंपनीचा फोन. सेफ्टीची जागा, शिफ्ट सांभाळायची. फोनवरची बाई गोड बोलली. म्हणाली शंभर प्रोफाइल बघितली, सगळी सारखी, तुमच्या सरांचं ते एक वाक्य मात्र साहेबांना फार आवडलं. बुधवारी मुलाखत, मोबाइलवरच.

फोन ठेवून मी नाचायची तेवढी राहिले. सु. म्हणाला, ओळ काढ, मग बसतो. म्हटलं वेडा आहेस का, ओळीसाठीच बोलावलंय. तो म्हणाला, मी नाय बोलनार ते. तोंडातून नाय यायचा माज्या.

मी म्हटलं, "नको ना? मग जा, वडखळला बस हरीशेजारी कांदे विकत."

म्हटलं मी हे. जशीच्या तशी ओळ. रागात होते वगैरे लिहायचं होतं, पण रागात नव्हते. शांतपणे कणीक मळत होते.

८ मार्च, रवि.

ताईकडे गेले नाही. वडखळवरून जावं लागतं.

शाळेत कालपासून महिला दिनाचं चाललंय, माझं भाषण आहे उद्या. विषय मीच सुचवला होता महिन्यापूर्वी: सत्य बोलण्याचं धैर्य. अरे देवा.

११ मार्च, बुध.

अर्धी रजा. सु. ब्लेझरमध्ये, मागे पांढरी भिंत. मी मोबाइलच्या मागे स्टुलावर, मांडीवर चिठ्ठ्या. पंपाचं विचारलं तेव्हा छान बोलला. हात ठेवल्यावर कळतं तेही सांगितलं, आणि ते हसले नाहीत. उलट समोरचा म्हातारा साहेब म्हणाला, असे लोक आता मिळत नाहीत. मला वाटलं, हेच लिहायला हवं होतं मी. हेच होतं की त्याच्याकडे. मीच ते हसण्यावारी नेलं.

मग साहेबाने विचारलं, प्रत्येक माणूस आला तसा घरी गेला, हे कसं जमवलंत?

सु.ने ब्लेझरची बाही खाली ओढली. त्याचे ओठ हलले, आणि मला खात्री झाली, हा आता हरीचं नाव घेणार. एक मन म्हणत होतं, घे. खरंच म्हणत होतं. आणि हाताने चिठ्ठी वर धरली.

त्याने चिठ्ठी बघितली. मग मला बघितलं. मग वाचली. माणूस आधी, उत्पादन नंतर. माझ्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांवर गॉगल आहे की नाही, मी स्वतः बघायचो.

गॉगल मी का लिहिलं चिठ्ठीत? उदाहरण हवं म्हणून. व्हिडिओतल्या बाईने सांगितलं होतं, उदाहरण द्या.

फोन बंद झाल्यावर ब्लेझर काढून घडी घातली त्याने. म्हणाला, "छान लिहितेस तू." त्यात टोमणा असता तर मी भांडले असते.

१७ मार्च, मंगळ.

पत्र आलं. निवड. पगार पहिल्यापेक्षा बरा, एक एप्रिलपासून. होकार सोमवारी दुपारपर्यंत कळवायचा. खाली कामांची यादी. चौथं काम: गेटवरील अपघातविरहित दिवसांचा फलक रोज अद्ययावत ठेवणे.

सु.ने यादी वाचली आणि चष्मा काढून ठेवला. तू सांगशील तसं, म्हणाला.

मी का सांगू? मला का विचारतोस? ओरडले. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या.

२२ मार्च, रवि.

एसटीने एकटीच वडखळला गेले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण नाक्यावर उतरले आणि नुसत्या माळा चाळत राहिले. हरीनेच विचारलं, साहेबांना लागली नोकरी? म्हटलं, लागेलसं दिसतंय. बरा झाला, म्हणाला. मग जरा घुटमळला.

"वैनी, माजा पन लिव ना तसा."

वडखळच्या पुढे कुणाचं तरी गोडाऊन आहे, तिथे वॉचमन हवाय. मोबाइलवर माहिती पाठवा म्हणतात. कांद्याचं काम दोन महिन्यांचं, नंतर काही नाही. साहेबांचा लिवलास तसा चांगला लिव.

फळकुटावर बसले. नाव लिहिलं, वाडी लिहिली, वय लिहिलं. अनुभव: कंपनीत चार वर्षं, कॉस्टिकच्या लाइनवर. अंगठा तिथे थांबला. वॉचमनचा डोळा, विचारणारच ना ते. डोळ्याचं काय लिहू, म्हटलं.

तो माळ वळत होता. वर बघितलं नाही.

"चुना उडाला, लिव."

"हरी, मला सांगितलंय यांनी सगळं."

"म्हायती हाय मना. त्या दिशी वाचलास तवा तुला नव्हता म्हायती, आता हाय. तोंडावरनच कलतंय." माळेला गाठ मारली त्याने. "चुनाच लिव. साहेबांनी तसाच सांगितलेला हाय."

तो कांद्याचा भाव सांगावा तसा म्हणाला. मी माळ मागितली, आणि जन्मात पहिल्यांदा घासाघीस केली नाही. त्याच्या ते लक्षात आलं. तेवढ्यावर तो हसला.

घरी आले तर सु. दारातच. काय म्हणाला हरी? मी मोबाइल त्याच्या हातात दिला. त्याने वाचलं, नाव, वाडी, वय, चार वर्षं, कॉस्टिकची लाइन, पुढे कोरं. परत दिला. आत जाऊन खुर्ची घेऊन आला, पण बसला नाही.

उद्या दुपारपर्यंत महाडला कळवायचं. हरीलाही उद्याच पाठवते म्हणून आलेय. त्याच्या मजकुरात डोळ्याची जागा कोरी आहे, आणि सु.च्या प्रोफाइलवर ती ओळ जिथल्या तिथे आहे. एक लिहायचीय, एक खोडायची की ठेवायची ते ठरवायचंय. दोन्ही कामं मलाच करायचीयत.