आपल्या दुकानाचा चहा

दि. ३ एप्रिल

चि. धाकट्यास,
अक्काचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

फोनवर दोन वाक्यं झाली की तू ‘गिऱ्हाईक आलंय’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. हे तरी शेवटपर्यंत वाचशील.

आमच्या बसथांब्यासमोर ते सवलतीचं मोठं दुकान उघडून महिना होऊन गेला. जुन्या गोदामाच्या जागी काचेची इमारत, आत गार हवा, सामान ढकलायला चाकांच्या गाड्या. लोक असे तुटून पडलेत, जसं काही उद्यापासून जगात साबणच मिळणार नाही. शेजारची शिक्षिका दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आली आणि मलाच विचारते, तुम्ही अजून किराणा तासाभराच्या बसने त्या लांबच्या दुकानातून आणता का? मी म्हटलं, लांबचं कसलं, माझ्या बापाचं आहे.

सूनबाईनेही सुरुवातीला घोळ घातला होता. तेल, साबण, कपडे धुण्याची पूड एवढं तरी तिथून आणू म्हणत होती. मी एकदाच सांगितलं, माझा भाऊ बाबांच्या गल्ल्यावर बसलाय तोवर त्या काचेच्या घरातला कणसुद्धा या घरात येणार नाही. मुलगा खाली मान घालून जेवत राहिला. लग्न झाल्यापासून त्याला तेवढंच जमतं. आता मात्र ती सरळ आली आहे. मुकाट्याने पिशवी उचलते आणि तुझ्याकडे जाऊन येते.

चहाचं तर बोलायलाच नको. बाबा मागच्या खोलीत चादर पसरून तीन प्रकारची पत्ती दोन्ही हातांनी कालवायचे आणि आपण दोघं शिंकून बेजार व्हायचो, आठवतं ना? तो चहा मी डोळे मिटून ओळखेन. परवाच पुडी आली. तीच खाकी पिशवी, तीच दोऱ्याची उलटी गाठ. बाबांनंतर ती गाठ तुझ्याशिवाय येते कुणाला?

तो औषधवाला पुन्हा आपल्या दुकानाची जागा भाड्याने मागत होता म्हणे. त्याला सांग, जागा दोघांच्या नावावर आहे आणि बहीण सही देणार नाही. तू घाबरू नकोस. मी आहे.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी अक्का

दि. ११ एप्रिल

ती. अक्कास,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र गल्ल्यावर बसून शेवटपर्यंत वाचलं. मध्ये कुणी आलं नाही.

आमच्या रस्त्यावर त्याच नावाचं दुकान तुमच्याआधी येऊन बरेच दिवस झाले, हे तुला माहीत आहेच. हल्ली माझ्याकडे लोक येतात ते सुटे पैसे मागायला, नाहीतर तिथे घ्यायची राहिलेली एखादी काडेपेटी घ्यायला. निवृत्त हेडमास्तर तिथली पिशवी घेऊन माझ्यासमोरून जातात तेव्हा छत्री उघडून तिच्याआड धरतात. ऊन नसतं, पाऊस नसतो. मला वाईट वाटू नये म्हणून बिचाऱ्यांचा एवढा खटाटोप. मग मीही फळी पुसायला लागतो.

सूनबाईला कशाला हेलपाटे घालायला लावतेस? सगळं सामान तुमच्या बसथांब्यासमोरूनच आणा. मला राग येणार नाही, मनापासून सांगतो. तुझ्या एका घराच्या किराण्याने दुकान तरायचं नाही आणि त्यावाचून बुडायचंही नाही.

औषधवाला माणूस बरा आहे. दिवसभर बसून माझी कंबर धरते आणि घर चालतं ते हिच्या शिवणकामावर. तू एकदा विचार करावास असं वाटतं. आग्रह नाही.

हिचा नमस्कार. लोभ आहे तसा राहू दे.

तुझा धाकटा

दि. १९ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, आज जरा रागाचे. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. दुकानदाराने आपल्या बहिणीला लिहावं, की समोरच्याकडून घे? तू हाय खाल्लीस. लोकांनी पाठ फिरवली म्हणून घरच्यांनीही फिरवायची का? मी काय करतेय ते ऐक, म्हणजे तुला थोडा धीर येईल.

रविवारी विहीणबाई आल्या होत्या. येताना त्या दुकानातला चहाचा लाल पुडा घेऊन आल्या. स्वस्त पडतो, चवही चांगली आहे, घेऊन तर बघा, असं म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. सूनबाईला म्हटलं, दोन्ही चहा कर, एक यांचा आणि एक आपल्या दुकानाचा, होऊन जाऊ दे एकदाचं. ती जागची हलेना. राहू द्या ना, म्हणाली. दटावल्यावर गेली आणि ट्रेमध्ये दोन कप घेऊन आली. डावीकडचा यांचा, उजवीकडचा आपला.

डाव्या कपातला एक घोट घेतला आणि कप तिथेच ठेवला. म्हटलं, हा भुसा. मग उजव्यातला घेतला आणि खरं सांगते, बाबाच डोळ्यांसमोर उभे राहिले. सगळ्यांदेखत मी म्हटलं, विहीणबाई, असला चहा आम्ही भांडी घासायला येणाऱ्या बाईलाही देत नाही. आणि तो पुडा उचलून त्यांच्या पिशवीत परत घातला.

त्या उठून गेल्या. तोंड एवढंसं झालं होतं. तेव्हापासून सूनबाई माझ्याशी कामापुरतं बोलते आणि मुलगा तेवढंही नाही. बसू देत रुसून. एखादा शब्द जास्त गेला असेल, पण माझ्या भावाच्या पोटावर पाय देणारा पुडा माझ्याच टेबलावर आणून ठेवायचा म्हणजे काय? तुझ्यासाठी मी घरात वाईटपणा घेतेय आणि तू मला विचार करायला सांगतोस. सही नाही म्हणजे नाही.

कंबर शेकत जा. रागावले तरी लोभ तसाच आहे.

तुझी अक्का

दि. २३ एप्रिल

ती. मामांस,
सुनेचा सा. न. वि. वि.

सासूबाईंना न सांगता हे लिहिते आहे. रविवारचं त्यांनी तुम्हाला कळवलंच असेल. त्यांना जे माहीत नाही तेवढं मी सांगते.

स्वयंपाकघरात माझ्यापुढे दोन चहा होते. एक माझ्या आईने आणलेला लाल पुडा. दुसरी खाकी पुडी, तीही मीच काही दिवसांपूर्वी तसल्याच लाल पुड्यातून भरलेली. वेगळं करणार काय? एकाच भांड्यात चहा केला आणि दोन कपांत ओतला. तो पिऊन सासूबाईंनी माझ्या आईला नाही नाही ते ऐकवलं, आणि मी ट्रे धरून उभी होते.

तुमच्या रस्त्यावरच्या त्या दुकानात आपली गाठ पडली तो दिवस मला सारखा आठवतो. तुम्ही गाडीभर लाल पुडे घेऊन रांगेत उभे होतात आणि मीही तुमच्याकडे येण्याआधी चोरून आत शिरले होते. कुणी कुणाला काय म्हणायचं? तुम्ही हात जोडलेत, अक्काला एवढं कळू देऊ नकोस म्हणालात. मग आमच्याकडेही ते दुकान उघडलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, उगाच बसने येऊ नकोस, तिथूनच घेत जा. खाकी पिशव्यांचा गठ्ठा दिलात आणि ती उलटी गाठ मारायला शिकवलीत. मला तेव्हा गंमत वाटली होती. म्हाताऱ्या माणसाचं मन राखतोय, त्यात काय बिघडलं, असं वाटलं होतं. पण भोगावं लागलं माझ्या आईला.

आता एक तर तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन. आम्ही दुसरीकडे खोल्या बघून आलो आहोत.

मामींना नमस्कार. मला दोष दिलात तरी चालेल, माया मात्र कमी करू नका.

आपली सून

दि. २८ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच, मग काय बोलायचं ते बोल.

तू ज्याला भुसा म्हणालीस आणि ज्यात तुला बाबा दिसले, ते दोन्ही कप एकाच भांड्यातले होते. दोन्ही त्या लाल पुड्याचेच. तुझ्या घरी येणारी पुडी आता सूनबाई तिथल्या दुकानातून आणून माझ्या पिशवीत भरते. गाठही तीच मारते. मीच शिकवली.

बाबांची पत्ती यायची कधीच बंद झाली. घाऊक व्यापाऱ्याने छोट्या दुकानांना माल द्यायचं हळूहळू थांबवलं. शेवटी तोच मला म्हणाला, मी देतो त्यापेक्षा त्या दुकानात स्वस्त मिळेल, तिथूनच उचला. आधी हसलो आणि नंतर गेलो. साखर, साबण, चहा, माझ्या फळ्यांवरचं सगळं तिथलं आहे. सकाळी गर्दी नसताना जाऊन आणतो, किमतीचे कागद खरवडून काढतो आणि थोडं चढवून विकतो. तेही घेणारी नेमाने तू एकटीच उरली होतीस. निदान तुझ्याकडून जास्तीचे घ्यायला नकोत, म्हणून सूनबाईला तिकडे पाठवलं.

मग बंद का केलं नाहीस, असं विचारशील. तू सही दिली नाहीस म्हणून. बाबा गेले तेव्हा मी घरांचे नकाशे काढायला शिकत होतो, हे तुझ्या लक्षात तरी आहे का? दुकान कोण बघणार, असं तूच म्हणालीस, दोन दिवस राहिलीस आणि आपल्या घरी निघून गेलीस. दुकान माझ्या गळ्यात पडलं ते आजवर. तुला ते हवंय भिंतीवरच्या फोटोसारखं, आणि खिळा म्हणून मी. माझ्यासाठी घरात वाईटपणा घेतलास म्हणतेस, पण मी तो मागितला नव्हता. मी सही मागत होतो.

खोटं मी बोललो आणि ते माझ्या माथी. पण विहीणबाईंना जे ऐकवलंस ते काही मी लिहून दिलं नव्हतं.

हिचा नमस्कार. पुढे लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

धाकटा

दि. १४ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर चहाच सोडला होता. मग डोकं दुखायला लागलं आणि पुन्हा घेतला, उरलेल्या पुडीतलाच. अजूनही तो मला बाबांचाच लागतो. याची इतकी चीड येते की काय सांगू.

विहीणबाईंकडे जाऊन आले. त्या दारातच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, माझं चुकलं, मी फार वाईट बोलले. त्या ठीक आहे म्हणाल्या. आत या म्हणाल्या नाहीत. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले आणि मग परतले.

मुलगा आणि सूनबाई गेली. मी तिला म्हटलं, आता सगळं उघड झालं ना, मग कशाला जाता? ती म्हणाली, चहावरून नाही जात. तुमच्यासमोर तुम्हाला आवडेल तेच बोलावं लागतं आणि मला ते इतकं छान जमायला लागलं होतं की माझीच मला भीती वाटली. ती चढ्या आवाजात बोलली असती तर मलाही भांडता आलं असतं. मुलगा पेट्या खाली नेत होता. जाताना माझी औषधं कुठे ठेवली आहेत तेवढं सांगून गेला.

काल त्या दुकानात गेले. दुसरं करणार काय? बस मला झेपत नाही आणि पाठवायला घरात कुणी उरलं नाही. आत शिक्षिका भेटली. मी मान वळवणार होते, पण आता लपवायचं तरी कुणापासून, म्हणून हसले. सगळं स्वस्त आहे, ते खोटं नाही. लाल पुडाही सापडला. पण सवलत मोठ्या पुड्यावरच आहे, घरात पाच-सहा माणसं असतील त्यांच्यासाठी. एकटीला पुरेल एवढा पुडा आहे का म्हणून तिथल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, असा ठेवत नाही, हाच न्या, फायद्यात पडेल. घेऊन आले.

सोबत कागद आहे, सही केली आहे. औषधवाल्याला जागा दे. फळ्या, तराजू, जे काय असेल ते विकून टाक, मला विचारू नकोस.

मी तुझ्यावर रागावले आहे आणि हा राग लवकर जाईल असं दिसत नाही. बाबांचा म्हणून दुसऱ्याचा चहा पाजलास, त्याचा राग आहे. नकाशांचं लिहिलंस ते खरं आहे, त्याचा त्याहून जास्त आहे. मला ते आठवत होतं. इतकी वर्षं तू काही बोलला नाहीस म्हणून मला तो विषय काढावा लागला नाही.

इतक्यात येऊ नकोस. थोडे दिवस जाऊ देत. आणि येशील तेव्हा हात हलवत ये. पुडी-बिडी काही नको.

लोभ कमी झाला असता तर बरं झालं असतं. होत नाही.

अक्का