उजव्या अंडाशयावरची गाठ

३ मार्च

खांद्यापर्यंत हात घालून तपासलं शिंपीणबाईंच्या तांबड्या गाईला, तांबडीला. उजव्या अंडाशयावर पीतपिंड — बीज सुटून गेल्यावर तिथं धरते ती गाठ — चांगला टपोरा. दोन महिने माज नाही म्हणतात, म्हणजे गाठ जिरायचं नावच घेत नाहीये! शिंपीणबाईंना विचारलं, मध्ये कुठं भरवली का, वळू दाखवला का? "छे हो डॉक्टर, दावं तरी सुटलंय का तिचं! आता गाभण नाही राहिली तर दीर विकायला लावणार." मलाच घाई झाली. गाठ जिरवायचं इंजेक्शन देऊन मोकळी झाले.

४ मार्च

चैन नाही. कॉलेजातले सर कानीकपाळी ओरडायचे — "एकदा हात घालून निकाल देऊ नका. दहा दिवसांनी परत बघा!" रिकाम्या गाईची गाठ पंधरा-सोळा दिवसांनी आकसते, मग बीजाचा नवा फुगा वाढतो, फुटतो — एकवीस दिवसांचा फेरा. गाभण गाईची गाठ तशीच राहते, तीच गर्भ धरून ठेवते. पण एकाच तपासणीत हाताला दोन्ही सारख्याच लागतात. हे मला पाठ होतं!

६ मार्च

तांबडी माजावर! सकाळीच फोन. शिंपीणबाई नुसत्या हसत होत्या.

दुपारी त्यांचे दीर दवाखान्यात. "वहिनी माहेरी होती तेव्हा ही माजावर आली, मीच वळू दाखवला. तिला बोललो नाही, उगाच कटकट. पाच आठवडे झाले. मग ही माजावर कशी?"

मी हात धुतच राहिले. गाभण होती. वासरू गेलं, माझ्या सुईनं गेलं. आणि तोंडातून निघालं काय, तर — "होतं असं. हा माज सोडून द्या, पुढच्याला बघू." स्वतःची किळस आली.

७ मार्च

उद्या सांगीन.

९ मार्च

चपला घातल्या, काढल्या. त्यानं लपवलं, मी काय करणार — दिवसभर हेच घोकतेय. पण थांबायचं तर माझ्या हातात होतं ना!

आईचा फोन. "आवाज का पडलाय गं?" सर्दी, म्हटलं.

११ मार्च

आज नक्की म्हणून निघाले. कोपऱ्यावरून परत फिरले. एवढी शिकलेली बाई, आणि ही हिंमत!

१३ मार्च

गेले. गोठा रिकामा. शिंपीणबाई म्हणाल्या, "काल विकायला नेली. दीर म्हणाले, वळू दाखवूनही राहिली नाही, म्हणजे वांझच." मग मी सगळं सांगितलं. त्यांनी तांबडीचं दावं गुंडाळून खुंटीला अडकवलं. शेवटी एवढंच — "परवा का नाही आलात, डॉक्टर?"