ओहोटीत घेतलेले सूर

६ एप्रिल, रविवार

वाळवी पियानोच्या आत पोचली आहे. औषध मारायला आलेल्या माणसाने मागची फळी काढून दाखवली. आत मातीच्या नळ्याच नळ्या. बोटाने दाबलं तर लाकडाचा भुगा झाला. "हा घरातून काढा. नाहीतर कपाटं जातील, मग वासे." माझ्या नवऱ्याने, जतीनने, लगेच हो म्हटलं. महिनाअखेरीपर्यंत काढायचा, असं ठरलंसुद्धा. आई, म्हणजे सासूबाई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.  जेवल्या नीट. पण दुपारी पियानोचं झाकण उघडून बसल्या आणि वाजवलं नाही.

हा पियानो शेजारच्या वाडीतल्या इराणी बाईंचा. आई लग्न होऊन नरपडला आल्या तेव्हा त्या बाईंनी त्यांना कुंपणापलीकडे बोलावून वाजवायला शिकवलं. पुढे वाडी विकून मुंबईला जाताना पियानो आईंनाच देऊन गेल्या. तेव्हापासून आई रोज दुपारी वाजवतात — आरत्या, गरबे, आणि दोन-तीन विलायती चाली, ज्यांची नावं त्यांनाही माहीत नाहीत. मला संगीतातलं काही कळत नाही. मी तलासरीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. पण या घरात दुपार झाली, हे मला त्या आवाजानेच कळतं.

८ एप्रिल

आमची लेक रिया पुण्याला होस्टेलवर गेल्यापासून तिचा कीबोर्ड माळ्यावर पडून होता. खाली काढला, पुसला, आईंसमोर ठेवला. त्यांनी आरती सुरू केली आणि अर्ध्यावर थांबल्या.

"जोरात दाबलं तर हा नुसता मोठा होतो गं. रागावत नाही."

मग मला वाईट वाटू नये म्हणून — "खेळणं म्हणून छान आहे."

१० एप्रिल

स्टाफरूममध्ये सहज विषय काढला. आमचे फिजिक्सचे दिपकसर झरीचे. लग्नसराईत बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतात. म्हणाले, "मॅडम, त्याचा आवाज वापरूच नका. फक्त पट्ट्या वापरा."

म्हणजे कीबोर्ड केबलने लॅपटॉपला जोडायचा. कीबोर्डने एवढंच सांगायचं — कुठली पट्टी दाबली आणि किती जोरात. आवाज सॉफ्टवेअर देणार. आणि तो बनवलेला आवाज नसतो. कुणीतरी खऱ्या पियानोची एकेक पट्टी हळू, मध्यम, जोरात वाजवून रेकॉर्ड केलेली असते. आपण जशी दाबू, तसं त्यातलं नेमकं रेकॉर्डिंग निघतं.

इतकी वर्षं कॉम्प्युटर शिकवते आहे. हे ठाऊक नव्हतं.

१२ एप्रिल

डाउनलोड संपता संपेना. गच्चीवर टाकीच्या बाजूला रेंज चांगली येते, तिथे लॅपटॉपवर छत्री धरून बसले. जतीन खालून हसत होता.

जोडल्यावर पहिला घोळ. पट्टी आत्ता दाबली, आवाज मागाहून आला. आई म्हणाल्या, "विहिरीत हाक मारल्यासारखं." दिपकसरांना फोन केला. लॅपटॉप आवाज मुठीत गोळा करून मग सोडतो, ती मूठ लहान करा, म्हणाले. फारच लहान केली तर मोहरी तडतडल्यासारखं व्हायला लागलं. थोडी मोठी, पुन्हा लहान. करता करता जमलं.

आणि मग तो सूर आला.

कसं लिहू. रियाचंच ते प्लॅस्टिक, त्याच पट्ट्या. पण खोली बदलली. हळू दाबलं की आवाज गोल. जोरात दाबलं की आतली तार ऐकू येते. पट्टी सोडली की तारेवर लोकरीचा नमदा पडतो, त्याचा 'थप्' — तोसुद्धा कुणीतरी रेकॉर्ड करून ठेवला आहे! मी एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत राहिले, लहान मूल दाराची कडी वाजवतं तशी.

आईंनी पूर्ण आरती वाजवली. मग हात मांडीवर घेतले. "फार मोठ्या घरातला आहे हा."

"आवडला नाही?"

"चांगलाच आहे. पण दुसऱ्याचा आहे. पाहुण्यांकडे गेल्यासारखं सावरून बसावं लागतं."

१३ एप्रिल

कुणी आपला पियानो असा भरून ठेवू शकतो, तर आम्ही आमचा का नाही?

१५ एप्रिल

दिपकसर म्हणाले, होईल. माइक आणि स्टँड देऊन गेले, काम कसं करायचं तेही दाखवलं. जतीन म्हणाला, "वस्तू जाणारच आहे, आवाज ठेवून काय करायचं?" आईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो चिकूचे क्रेट मोजायच्या निमित्ताने बाहेर गेला.

१७ एप्रिल

शांतता किती दुर्मीळ असते, हे आज कळलं. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. घामाच्या धारा. मग वाडीतला पंप ऐकू यायला लागला. पंप बंद करायला लावला तर बुलबुल. बुलबुल गेले तर समुद्र. माझ्या लग्नापासून तो तिथेच आहे, पण माइकमध्ये ऐकेपर्यंत तो इतका घरात येतो हे लक्षात आलं नव्हतं.

आईच म्हणाल्या, "ओहोटीला करू. लांब जातो तेव्हा."

१८ एप्रिल

ओहोटी. पाणी दिसेनासं होईपर्यंत मागे गेलं. सुरू केलं.

आईंनी एक पट्टी दाबायची आणि आवाज पूर्ण मरेपर्यंत धरून ठेवायची. तोवर कुणी हलायचं नाही. मी हेडफोन लावून बसले होते. वाटलं होतं, सूर म्हणजे एक गोष्ट. ती एक गोष्ट नाही. आधी हातोडीचा ठोका. मग आवाज फुगतो. मग एकाच पट्टीच्या तारा आपसांत किंचित भांडतात, आवाज हलतो, पाण्यावरच्या उजेडासारखा. मग इतर तारा, ज्यांना कुणी हातही लावलेला नाही, त्याही हळू गुणगुणतात. आणि शेवट कुठे झाला ते सांगताच येत नाही. मी श्वास रोखून ऐकत होते आणि कळेना की अजून आवाज आहे की मला भास होतोय.

वर बघितलं. आई माझ्याकडेच बघत होत्या. "आत्ता ऐकलंस?"

या घरात आल्यापासून ऐकते आहे, असं वाटत होतं मला. हो म्हणाले.

२० एप्रिल

आईंना प्रत्येक पट्टी ओळखीची. ही खोकते. ही थंडीत चिकटते. ही "लग्नातल्या थोरल्या जावेसारखी, हळू बोलताच येत नाही हिला". मेलेल्या पट्ट्या खूप आहेत. तिथे शेजारच्या पट्टीचा सूर थोडा चढवून-उतरवून वापरता येतो. आईंना ते फार आवडलं. "म्हणजे शेजारणीने सांभाळून घ्यायचं."

चिकूच्या तोडणीला आलेली लाडकी नावाची बाई खिडकीखाली बराच वेळ बसून होती. शेवटी न राहवून म्हणाली, "एक एकच काय वाजवतां? गाणां कवा येल?"

तो सूर पुन्हा घ्यावा लागला. आईंना हसू आवरत नव्हतं.

२२ एप्रिल

जतीनने आज न सांगता पंप बंद केला. तोडणीची माणसं लांबच्या टोकाला पाठवली, स्वतः फाटकाशी उभा राहिला, आणि भाजीवाल्याला हाताने परत फिरवलं. संध्याकाळी हेडफोन मागितला. एकच खालचा सूर ऐकला, डोळे मिटून. हेडफोन काढून म्हणाला, "लहानपणी मी याच्या खाली झोपायचो." एवढंच.

२६ एप्रिल

शेवटचा सूर झाला. सगळ्यात वरचा, काचेवर नखाने टिचकी मारल्यासारखा. आईंनी झाकण बंद केलं आणि त्यावर हात ठेवून बसल्या. मी माइक काढला नाही. उगाच.

२९ एप्रिल

नेला. चार माणसं लागली, उंबऱ्यावर मागची फळी सुटून पडली. आईंनी कुंकवाचं बोट लावलं होतं. मग मागच्या दारी जाऊन कोकमं वाळत घालत बसल्या. टेम्पोचा आवाज गेल्यावर आत आल्या.

भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला आहे.

४ मे

रोज रात्रीच्या जेवणाआधी थोडं थोडं करते. प्रत्येक सूर कापायचा, त्याच्या जागी लावायचा, हळूचा हळूशी, जोरातला जोराशी. दिपकसर फोनवर असतात. आई विचारत नाहीत. त्या भागात फिरकतही नाहीत.

११ मे, रविवार

आज झालं.

आईंना काही सांगितलं नाही. जेवण झाल्यावर कीबोर्ड मांडला, स्पीकर पियानोच्या त्या भिंतीशी ठेवले. त्या नाइलाजाने बसल्या. एक पट्टी दाबली — आणि मान वळवून मागे त्या भिंतीकडे बघितलं. नुसते स्पीकर, आणि तो चौकोन. पुन्हा दाबली. खोकणारी पट्टी खोकली. थोरली जाऊ ओरडली. आईंनी हळू दाबलं तर आवाज हळू झाला, जोरात दाबलं तर रागावला. जतीन हात धुवायचा राहून दारात उभा.

पुढे त्यांनी थांबवलंच नाही. आरत्या, गरबे, त्या नाव नसलेल्या चाली. मी लॅपटॉपकडे बघत होते. फाइल कुठली, सूर कुठला, सगळं मीच लावलेलं, सगळं मला माहीत. तरी अंगावर काटा येत होता. टेम्पोतून गेलेली वस्तू या खोलीत वाजत होती. माझ्या कामातलं मला सगळं समजावून सांगता येतं. हे येत नाही.

उठताना आईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच.

१८ मे

दिपकसर म्हणाले, असे पियानो फुकट वाटणारी एक वेबसाइट आहे, टाकूया का. आईंना विचारलं. "मला फुकटच मिळाला होता. टाका." नाव द्यायचं होतं. 'नरपड' दिलं.

१५ जून

पोर्तुगालमधल्या एका मुलीचा मेल आला. भाड्याच्या खोलीत राहते, पियानो ठेवायला जागा नाही, साधा कीबोर्ड आहे. गुळगुळीत आवाजांचा कंटाळा आला होता, तेव्हा तिला 'नरपड' सापडला. सोबत तिने वाजवलेलं रेकॉर्डिंग.

आईंना ऐकवलं. आमचाच पियानो, एकेक पट्टी ओळखू आली. पण त्यातून असं काही निघत होतं, जे या घरात कधी वाजलंच नव्हतं. दोन्ही हात धावत होते, तळापासून टोकापर्यंत, आणि मेलेल्या पट्ट्यांवरूनही.

संपल्यावर आईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "एवढं सगळं होतं त्याच्यात?"

आणि थोड्या वेळाने, चष्मा पुसत —

"तिला लिही. मला शिकवशील का, विचार."