न धुतलेले हात

२ मार्च १९६५

दुपारी पोचलो. मलकापूरला रेल्वेतून उतरलो आणि पुढे एस.टी. खिडकीला काच नव्हती; रस्ताभर कापसाच्या गाड्या, त्यामुळे केसांत कापूस, भुवयांत कापूस. मन मात्र प्रसन्न आहे. कलाशाळेतून बाहेर पडल्यावर प्रथमच कोणीतरी मला उपयोगाचं काम दिलं आहे.

अग्निशामक ठाण्यातच खोली मिळाली. लाल बंब, ओसरी, घंटा आणि मोजकी माणसं. जिनांमधल्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यांतल्या, आगी विझवायच्या, विहिरींतून माणसं काढायची. जिवंत असोत किंवा नसोत. इथल्या डॉक्टरांचं म्हणणं असं की ही माणसं झोपत नाहीत, नीट जेवत नाहीत आणि विचारलं तर बोलत नाहीत. बोलता येत नाही ते हातांनी सांगता येईल, अशी एखादी कलावस्तू मी त्यांच्यासाठी करायची आहे.

निवृत्ती नावाच्या जवानानं माझी ट्रंक उचलली. आतले रंग वाजले. "मास्तर, आमची चित्रं काढता का काय?" असं त्यानं विचारलं. जमादार उकंडराव म्हणाले, "तुह्यं थोबाड पाहून कागद फाटन बे." सगळ्यांत मोठ्यानं निवृत्तीच हसला.

८ मार्च

भिंत तयार झाली. ओसरीच्या दाराशी सागाची चौकट, तिच्यात काळी माती, भुसा आणि शेण कालवून थापलं आहे. मातीच्या मागे हलत्या फळ्या, फळ्यांच्या मागे रिकामी मडकी. तळवा दाबला की फळी मागं सरते आणि मडकं हुंकारतं. जोरानं दाबलं तर खोल, हलक्यानं दाबलं तर हलकं. आपलं कोणी ऐकलं, एवढं माणसाला कळावं. ठसा मातीत राहतो. वर ओलं गोणपाट. काम करताना पटाशी निसटली. डाव्या अंगठ्याखाली खोल चीर पडली आहे.

या जागी पाण्याचा रांजण होता. मयतावरून आलेला माणूस दारातच हातपाय धुतो, कडुलिंबाचं पान चावून थुंकतो, मग आत येतो. ठाण्यात पाणी भरणारी जनकाबाई रोज ताजी पानं ठेवते. चौकटीला जागा हवी होती, म्हणून रांजण मागच्या अंगणात नेला. शिवाय धुतलेल्या हातापाशी सांगण्यासारखं काही उरत नाही. मी नियम केला: हात धुण्याआधी भिंतीला लावायचा.

रांजणाचं ओलं वर्तुळ जमिनीवर राहिलं होतं. उकंडराव त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले की शिकलेला माणूस म्हणते तर करून पाहू.

१५ मार्च

जिनात गंजी पेटली. कापूस वरून पांढराच दिसतो आणि आतून जळत जातो. एक हमाल आत सापडला. निवृत्तीनं त्याला खांद्यावर बाहेर आणलं.

परत आल्यावर त्यानं भिंतीला तळवा लावला आणि पुष्कळ वेळ दाबून धरला. मडकं हुंकारलं. त्याची करंगळी कधीतरी मोडून वाकडी बसली आहे. ठशात ती आकड्यासारखी दिसते. मग तो जेवला आणि झोपला. उठल्यावर म्हणाला, "कित्येक सालात अशी झोप नाई लागली, मास्तर."

बाकीच्यांनीही हात लावले.

२६ मार्च

डॉक्टर खूश आहेत. निवृत्तीची बायको सिंधू ठेचा घेऊन आली होती. आता तो पोरीला खांद्यावर घेऊन गावभर फिरतो, म्हणाली. पोरगी सोबत होती. बापाच्या ठशात तिनं आपला हात ठेवून पाहिला. तिचा हात त्यात बुडाला. मी समाधानानं पाहत होतो.

६ एप्रिल

विहिरीत बाई आणि तिचं मूल. मी सोबत गेलो, दोर धरला. निवृत्ती उतरला. मूल वर आलं तेव्हा ते माझ्याच हातात दिलं गेलं.

वर आल्यावर निवृत्तीनं विचारलं, "आज भाजी काय हाय?" लोक त्याच्याकडे बघत राहिले. का, ते त्याला कळलं नाही.

परतल्यावर मीही भिंतीला हात लावला. दोन्ही. बरं वाटलं. नंतर काहीच वाटलं नाही.

९ एप्रिल

निवृत्तीच्या बोटांत बिडी शेवटपर्यंत जळाली. कातडीचा वास आला तेव्हा मी ती काढून फेकली. त्यानं बोटाकडे पाहिलं, दुसऱ्या कोणाचं असावं तसं.

सिंधू आली. पोरगी ओट्यावरून पडली, कपाळ फुटलं, आणि हा बसून बघत राहिला. ती म्हणाली, "घरी येते, जेवते, झोपते. पण मास्तर, तो माणूस आला नाई घरी. काय केलं तुमी त्याले?"

उद्या रांजण पुन्हा दारात आणतो, असं मी तिला सांगितलं.

११ एप्रिल

रांजण आणला नाही. राहून गेलं.

१३ एप्रिल

भर दुपार. ओसरीवर मी एकटा. मडकं हुंकारलं. कोणी हात लावलेला नव्हता.

गोणपाट उचललं. ठसे खोलगट असतात. हा वर आलेला होता. आतून बाहेर दाबलेला तळवा. लहान मुलाचा.

भीती वाटायला हवी होती. तशी नोंद करून ठेवतो.

१६ एप्रिल

आणखी तळवे. एक बाईचा, बांगडीच्या खुणेसकट. उकंडराव पाहून गेले. आवाज न चढवता म्हणाले, "दारात पाणी नाई. मेलेल्याईले वाटलं, घरात घेतलं आपल्याले."

मी गोणपाट ओलं करून पुन्हा टाकलं. हुंकार आता एकामागून एक—

१९ एप्रिल

आज आकड्यासारखी करंगळी. आतून बाहेर.

निवृत्ती बाहेर बंब पुसत होता. जिवंत. मी त्याला म्हटलं, घंटा झाली तरी जायचं नाही. काऊन, असं त्यानं विचारलं नाही. "हाव," म्हणाला आणि पुसत राहिला.

२० एप्रिल

घंटा झाली. तो बंबावर चढला. मी पेन्सिलीला टोक करत होतो. उठून अडवायचं होतं. टोक चांगलं झालं.

विहिरीत पडलेला म्हातारा वाचला. निवृत्तीनंच त्याला दोर बांधला. मग त्याच्यासाठी दोर सोडला. उकंडराव सांगतात, तो छातीभर पाण्यात उभा होता, दोराकडे बघत. मग हळूच खाली बसला. "हाताशी होता दोर, मास्तर. हाताशी."

सगळ्यांनी येऊन भिंतीला हात लावले. धुण्याआधी.

२१ एप्रिल

रांजण दारात आणला. हात धुतले. राखेनं घासले. पाणी ओलं लागत नाही.

कुदळ घेऊन भिंतीसमोर बसलो. घाव घालण्याइतका राग—

तशीच मांडीवर राहिली.

२२ एप्रिल

नवा तळवा. डावा. अंगठ्याखाली चीर.

माझा उजवा त्यावर ठेवला. नमस्कारात जुळतात तसे जुळले. मग बोटं मिटली. आतली.

डाव्या हातानं लिहितो आहे. सुटायची घाई नाही.

सिंधू आली आहे, त्याचे कपडे न्यायला. पोरगी तिच्या पुढे ओसरीवर चढली. जनकाबाई रांजणाकडून हाका मारते, पोरीले धर, आधी पाणी, आधी पाणी—

पोरगी माझ्याजवळ आली. बापाचा हात तिनं ओळखला. मला विचारते, लावू का.

मी तिला म्हटलं, लाव, पण धुण्याआ